हिरवळीवर कंपोस्ट पसरायचे आहे: किती जाड, केव्हा, आणि घरचे कंपोस्ट चालेल का?

त्रिमूर्तीनगरचे अंगण

नमस्कार. नागपुरात त्रिमूर्तीनगर भागात आमच्या घरासमोर सुमारे ८०० चौरस फुटांची हिरवळ आहे. सात वर्षांपूर्वी घर बांधले तेव्हा पायाच्या खोदाईतून निघालेली काळी माती तशीच अंगणात पसरली आणि तिच्यावर मेक्सिकन गवताच्या चटया अंथरल्या. पहिली तीन वर्षे गवत उत्तम होते. त्यानंतर जमीन हळूहळू घट्ट होत गेली. आता उन्हाळ्यात जिथे पाइपचे पाणी नीट पोहोचत नाही तिथे करंगळी जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात त्याच जागी दोन-दोन तास पाणी साचून राहते.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी एका गोठ्यातून अर्धी ट्रॉली शेणखत आणले आणि माळ्याच्या सल्ल्याने सगळ्या हिरवळीवर जवळजवळ इंचभर पसरले. परिणाम असा झाला की जानेवारीपर्यंत अर्धे गवत त्या थराखालीच पिवळे पडून बसले, आणि फेब्रुवारीत ऊन वाढू लागताच गवताऐवजी मोथा, म्हणजे लव्हाळा, तरारून वर आला. तो मी अजून उपटतोच आहे. शिवाय खिडकीखालचा साधारण चार फुटांचा एक पट्टा त्याही आधीपासून पिवळा आहे, तो काही केल्या सुधारत नाही.

आता नर्सरीवाले सांगतात की नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस) लागण्याआधी लाल माती आणि शेणखत निम्मे-निम्मे मिसळून एक इंचाचा थर द्यावा, म्हणजे पावसाळ्यात हिरवळ नव्यासारखी होईल. एकदा हात पोळल्यामुळे मी थांबलो आहे. माझ्याकडे घरचे कंपोस्टही आहे: दोन ड्रममध्ये स्वयंपाकघरातला ओला कचरा, कडुनिंबाची वाळलेली पाने आणि कापलेले गवत असे सात महिन्यांपासून मुरते आहे. ते हिरवळीवर वापरावे का, वापरायचे तर केव्हा आणि किती, याबद्दल ज्यांनी नागपूरच्या काळ्या मातीत प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

काळीमाती

नमस्कार. माझी हिरवळ आपल्यापेक्षा लहान आहे, पण माती तीच आहे आणि आपण केलेली चूक मीही करून चुकलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी जाडीबद्दल, कारण निम्म्याहून अधिक हिरवळी तिथेच बिघडतात. हिरवळीवर कंपोस्ट द्यायचे ते पांघरूण म्हणून नव्हे. ते पात्यांच्या मधून खाली उतरून मातीला टेकले पाहिजे, आणि पसरून झाल्यावर उभे राहून पाहिले तर गवताची टोके सगळीकडे दिसली पाहिजेत. पाव इंच, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, ही एका वेळची कमाल मर्यादा समजावी. मेक्सिकन गवत मुळातच संथ वाढते आणि दाट बसते, त्यामुळे त्याला याच्या निम्माही थर पुरतो. इंचभर थराखाली पात्यांना उजेड मिळत नाही आणि गवत श्वास कोंडल्यासारखे पिवळे पडते. आपल्याकडे झाले ते हेच.

आता हे ६ मिलिमीटर जमिनीवर कोण मोजत बसणार? त्याला एक सोपी युक्ती आहे. बांधकामावरचे नेहमीचे घमेले काठोकाठ भरले की त्यात सुमारे १४ ते १५ लिटर कंपोस्ट मावते (आपले घमेले एकदा बादलीने मोजून घ्या, आकारात फरक असतो). असे एक घमेले ५ फूट बाय ५ फुटांच्या चौकोनात सारखे पसरले की थर बरोबर पाव इंचाचा होतो. सुतळीने असे चौकोन आखून घेतले तर मजूरसुद्धा चुकत नाही. आपल्या ८०० फुटांना या हिशेबाने ३२ घमेली लागतील, आणि मेक्सिकनसाठी निम्मा थर धरला तर १६. नर्सरीवाल्यांचा इंचभर थर म्हणजे ६७ घनफूट, म्हणजे ब्रासच्या (१०० घनफुटांच्या) दोन-तृतीयांश माल झाला. तो विकणाऱ्याच्या सोयीचा हिशेब आहे, गवताच्या नव्हे.

दुसरी गोष्ट वेळेची. ही सगळी गवते उष्ण हवामानातली आहेत. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत नागपुरातली थंडी जमिनीला लागली की त्यांची वाढ जवळजवळ थांबते, आणि वाढ थांबलेल्या गवतावर काहीही टाकले तरी ते त्यातून वर येत नाही. दिवाळीनंतर टाकलेले शेणखत म्हणूनच तीन महिने तसेच पडून राहिले. नवतप्याआधी टाकणे तर त्याहून वाईट. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना गवत आधीच जीव धरून असते, त्यात गडद रंगाचा थर दिवसभर तापतो, आणि त्या दिवसांत त्याला ओले ठेवायला लागणारे पाणी कोणाच्याच नळाला नसते. माझ्या अनुभवात दोन वेळा चांगल्या ठरल्या आहेत. एक, आर्द्रा लागून पाऊस स्थिरावला की, पहिल्या धुवाधार सरी होऊन गेल्यावर मिळणाऱ्या उघडिपीत. दुसरी, पोळ्यानंतर पावसाचा जोर ओसरतो तेव्हापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. फेब्रुवारीअखेरही चालते, पण मग पुढचे तीन महिने पाण्याची खात्री हवी. मुसळधार पावसाच्या आदल्या दिवशी मात्र पसरू नये. मी एकदा पसरले आणि सकाळी सगळे फाटकाबाहेरच्या नालीत सापडले.

तिसरी गोष्ट कच्चेपणाची. गोठ्यातून जे मिळते त्याला आपण शेणखत म्हणतो खरे, पण बहुतेक वेळा ते दोन-तीन महिन्यांचे शेण, गोमूत्र आणि कडबा असते. ते न कुजता जमिनीवर पसरले की कुजण्याचे काम तिथेच सुरू होते, आणि ते काम करणारे सूक्ष्मजीव वरच्या मातीतले नत्र स्वतःसाठी ओढून घेतात. ते पुढे परत मिळते, पण तोपर्यंत गवत फिके पडलेले असते. कच्च्या मालात गुरांनी खाल्लेल्या गवताचे बी जिवंत राहते, त्यावर हुमणीचे भुंगेरे येतात आणि न कुजलेल्या काड्यांना वाळवी लागते. लव्हाळा मात्र बियांपेक्षा गाठींमधून अधिक पसरतो, त्यामुळे त्या ट्रॉलीत खालची माती खरवडून आली असावी असा माझा अंदाज आहे.

कंपोस्टकडून खताची अपेक्षा किती ठेवावी तेही सांगतो. ३२ घमेली म्हणजे ओलसर स्थितीत ढोबळमानाने २९० किलो. त्यातले पाणी वजा केले आणि नत्र एक टक्का धरले तर सुमारे पावणेदोन किलो नत्र होते, पण पहिल्या वर्षी त्यातले दहा ते वीस टक्केच गवताला मिळते, म्हणजे पावणेदोनशे ते साडेतीनशे ग्रॅम. अर्धा-पाऊण किलो युरियाइतके. त्यामुळे टाकल्यावर आठवड्यात हिरवे होईल असे समजू नये. खरा उपयोग मातीच्या घडणीला आहे. काळ्या मातीचे बारीक कण पाण्यात फुगून एकमेकांना चिकटतात आणि वाळले की आकसून दगड होतात. सेंद्रिय पदार्थ मुरत गेला की त्यांची रवाळ ढेकळे बनतात आणि पाण्याला खाली जायला वाट मिळते. हे एका वर्षात होत नाही, पण आपल्या मातीचा एक गुण मदतीला येतो. शेतकरी म्हणतात की काळी माती स्वतःची नांगरट स्वतःच करते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांमध्ये वरचा बारीक माल पडतो आणि पावसात भेगा मिटल्या की तो आतच राहतो. म्हणून आपल्याकडच्या करंगळीएवढ्या भेगा पाहून वाईट वाटून घेऊ नका. सगळ्या हिरवळीवर आत्ता काही टाकू नका, पण मृगाच्या आधी त्या भेगांत मात्र चाळलेले, पूर्ण मुरलेले कंपोस्ट हाताने सोडा. एरवी तेवढ्या खोलवर पोहोचायला गांडुळांना कित्येक वर्षे लागली असती.

जास्वंदीचे कुंपण

काळीमाती यांनी सगळे नेमके लिहिले आहे. मला फक्त खिडकीखालच्या त्या पिवळ्या पट्ट्याबद्दल विचारायचे आहे, कारण तो शेणखताच्या आधीपासून आहे असे आपण म्हणता. दादा, त्या खिडकीला कूलर बसवता का, आणि हंगामात त्याच्या टाकीचे पाणी कुठे सोडता?

विचारण्याचे कारण असे की आमच्याकडे नेमके हेच झाले होते. कूलरमध्ये पाणी उडून जाते पण त्यातले क्षार टाकीतच राहतात, आणि आपण दर दोन दिवसांनी वर पाणी भरत गेलो की ते दाट होत जातात. त्यातून बोअरचे पाणी असेल तर विचारूच नका. खसच्या पडद्यावर जो पांढरा, खरखरीत लेप चढतो तो हाच. पाणी वाया कशाला घालवायचे म्हणून मी दर रविवारी टाकी हिरवळीवर रिकामी करीत होते, आणि दोन उन्हाळ्यांत तिथले गवत गेले. आपल्या पट्ट्यात माती वाळली की पांढरट पापुद्रा दिसतो का, ते पाहा. तसे असेल तर तिथे खत घालून उपयोग नाही. कंपोस्टमध्येही क्षार असतातच, गांडूळखतात आणि कोंबडीखतात तर बरेच. आधी पावसाळ्याचे पाणी त्या जागेतून खाली निथळून जाऊ द्यावे लागेल.

पापुद्रा नसेल तर पाती जवळून पाहा. जुनी, खालची पाती आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. कोवळी पाती पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाची कमतरता, जी आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत, विशेषतः पाणी साचल्यावर, नेहमीच दिसते. लोह मातीत असते, पण विम्ल (अल्कधर्मी) मातीत ते मुळांना घेता येत नाही. तेव्हा एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी फवारले तर आठवडाभरात फरक कळतो. फरशीवर मात्र उडू देऊ नका, त्याचे तांबूस डाग निघत नाहीत. आमच्या पोर्चमध्ये अजून आहेत.

त्रिमूर्तीनगरचे अंगण

ताई, आपण घरी येऊन पाहून गेल्यासारखे लिहिले आहे. कूलर त्याच खिडकीला आहे, पाणी बोअरचे आहे, आणि टाकीची नळी मीच त्या पट्ट्यावर सोडली होती. आज सकाळी खुरप्याने थोडी माती उकरली तर वरचा थर मिठासारखा पांढरट निघाला. नळी आजच फाटकाकडच्या नालीत वळवली.

काळीमाती यांना दोन प्रश्न. घरचे कंपोस्ट पूर्ण मुरले आहे हे कसे ओळखावे? वरून ते काळे दिसते, पण हात घातला की कडुनिंबाच्या काड्या आणि अंड्यांची टरफले लागतात. आणि उपटलेला लव्हाळा मी त्याच ड्रममध्ये टाकत होतो, ते चुकले का?

काळीमाती

लव्हाळा ड्रममध्ये टाकणे चुकलेच, आणि त्यावर उपाय करण्यासारखा आहे म्हणून आधी तो सांगतो. मोठ्या ढिगाच्या पोटात ५५ ते ६० अंश उष्णता काही दिवस टिकते आणि त्यात बहुतेक बी मरते, पण घरगुती ड्रम एवढा तापत नाही आणि लव्हाळ्याच्या गाठी त्यात सुखाने राहतात. चाळताना वाटाण्याएवढ्या, काळपट, टणक गाठी दिसतील, त्या एकूण एक वेचा. यापुढे उपटलेला लव्हाळा गच्चीवर उन्हात टाका. मे महिन्यातला नागपूरचा स्लॅब पंधरा दिवसांत त्या गाठी खुळखुळ्यासारख्या वाळवतो, आणि पूर्ण वाळलेली गाठ पुन्हा फुटत नाही. आपल्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

मुरल्याची पहिली परीक्षा नाकाची. मूठभर कंपोस्ट ओलसर करून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला तर ठीक. आंबूस किंवा अमोनियासारखा झणका आला तर काम बाकी आहे. दुसरी परीक्षा मेथीची. एका कुंडीत बागेची साधी माती आणि दुसरीत तीच माती व कंपोस्ट निम्मे-निम्मे घ्या, दोन्हींत मोजून पंचवीस दाणे टाका, आणि सहाव्या दिवशी मोजा. कंपोस्टच्या कुंडीत उगवण स्पष्टपणे कमी असेल, किंवा रोपे पिवळी आणि खुरटी असतील, तर ते कंपोस्ट हिरवळीला देऊ नये. विकतचे घेणार असाल तर पिशवीवरचे आकडे वाचा: शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात कर्ब-नत्र गुणोत्तर २० पेक्षा कमी, क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत आणि किमान ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारा, असे निकष आहेत. आपल्या काळ्या मातीला यातला क्षारतेचा आकडा जितका खाली तितका बरा.

टरफले आणि काड्या राहतातच, त्यांची काळजी नको. वाळू चाळायची बांधकामावरची चाळणी पाव इंच जाळीची असेल तर तीच वापरा. वर उरलेले परत ड्रममध्ये टाका, ते पुढच्या ढिगाला विरजणासारखे उपयोगी पडते. चाळताना माल किंचित ओला ठेवा आणि नाकातोंडाला रुमाल बांधा. कोरड्या कंपोस्टच्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात आणि छातीला त्रास होतो.

सब्बल आणि घमेले

लाल मातीचा विषय राहून गेला, म्हणून लिहितो. मी अनेक वर्षे बागा करून देण्याच्या कामात आहे आणि आमच्याच व्यवसायातल्या लोकांनी ही लाल मातीची सवय लावली आहे, हे मान्य करतो. ती दिसायला सुंदर असते, पसरायला सोपी असते, आणि नव्या हिरवळीचा फोटो छान येतो. पण खाली घट्ट काळी माती आणि वर वेगळ्या पोताची लाल माती असा जोडथर झाला की पाणी त्या सांध्यावर अडते. गवताची मुळे वरच्या मऊ थरातच राहतात, खाली उतरत नाहीत, आणि मग एप्रिल उजाडला की दोन दिवस पाणी चुकले तरी ती हिरवळ मान टाकते. दरवर्षी एक इंच देत गेलात तर चार-पाच वर्षांत हिरवळ पोर्चच्या पायरीला येते. अशा हिरवळी मी उचलून पुन्हा घातल्या आहेत. शिवाय लाल माती जिथून येते तिथला लव्हाळा तिच्याबरोबर येतो, हे वेगळेच.

उंचसखल भाग सारखा करायचा असेल तर नुसते कंपोस्ट वापरू नये, कारण ते कुजून बसते आणि वर्षभरात खड्डा पुन्हा दिसतो. तिथे आपल्याच अंगणातली वाळवून कुटलेली काळी माती आणि कंपोस्ट निम्मे-निम्मे घ्यावे, आणि एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जास्त भरू नये. खड्डा खोल असेल तर गवताची चटई फावड्याने कापून उचलावी, खाली भर घालावी आणि चटई परत बसवावी. याला एक सकाळ लागते, पण काम कायमचे होते.

कंपोस्ट देण्याआधी जमिनीला भोके पाडणे मात्र टाळू नका, विशेषतः पाणी साचते त्या भागात. परदेशी यंत्रांची गरज नाही. जाड काट्यांचा गार्डन फोर्क चार इंच खोल रोवून जरासा मागेपुढे हलवायचा आणि दर सहा इंचांवर हेच करायचे. फोर्क नसेल तर सब्बल चालते, पण तिने भोक पडताना बाजूची माती दाबली जाते, म्हणून फोर्क बरा. माती वापसा स्थितीत, म्हणजे ओलसर पण हाताला न चिकटणारी, असताना करा. चिखलात केले तर भोकांच्या कडा सिमेंटसारख्या गुळगुळीत होतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

रविवारचा माळी

नमस्कार. वाळूबद्दल कोणीच लिहिले नाही. गोल्फच्या मैदानांवर तर वाळूच टाकतात, आणि आमच्या माळ्याने कन्हानची रेती टाकायला सांगितली आहे. ती कंपोस्टपेक्षा स्वस्त पडते का, हा प्रश्न वेगळा, पण निचरा तरी सुधारेल ना?

सब्बल आणि घमेले

गोल्फच्या हिरवळीखाली मुळातच फूटभर वाळूचा थर बांधलेला असतो, म्हणून तिथे वरूनही वाळू देतात; खालच्याच जातीचा माल वर, हा नियम तिथेही तोच आहे. काळ्या मातीचा पोत वाळूने बदलायचा तर एकूण मातीत निम्म्याहून अधिक वाळू मिसळावी लागते, आणि ते हिरवळ असताना शक्य नाही. थोडीशी मिसळली तर वाळूच्या कणांमधली जागा चिकणमाती भरून टाकते आणि वाळल्यावर विटेसारखा थर तयार होतो. आपली हिरवळ काळ्या मातीवर असेल तर रेती बांधकामासाठीच ठेवावी. जिथे जमीन मुळातच हलकी आणि रेताड आहे, तिथली गोष्ट वेगळी, पण तिथेही कमतरता असते ती सेंद्रिय पदार्थाची.

त्रिमूर्तीनगरचे अंगण

सर्वांचे आभार. अडीच महिन्यांनी परत लिहितो आहे, कारण मध्ये सांगण्यासारखे काही नव्हते.

मेथीची परीक्षा एप्रिलमध्ये केली: साध्या मातीत पंचवीसपैकी २२ दाणे उगवले, कंपोस्टच्या कुंडीत १४, आणि त्यातलीही रोपे पिवळसर. म्हणून दोन्ही ड्रम रिकामे करून माल उलथापालथ केला, पाणी शिंपडले आणि पुन्हा भरला. जूनच्या पहिल्या आठवड्यात तीच परीक्षा घेतली तेव्हा २१ आणि २० अशी बरोबरी झाली. चाळणीत लव्हाळ्याच्या गाठी इतक्या निघाल्या की चहाचा कप भरला. मृगाच्या आधी भेगांमध्ये कंपोस्ट सोडले, त्याला दोन घमेली लागली. माझ्या अंदाजापेक्षा भेगा बऱ्याच खोल निघाल्या.

चाळून झाल्यावर हातात एकूण दहा घमेली होती, म्हणजे भेगा वजा जाता आठच उरली. सगळ्या हिरवळीला निम्म्या थराने द्यायची तर १६ हवीत. विकत आणण्याऐवजी पाणी साचणारा निम्मा भाग, ४०० चौरस फूट, एवढाच यंदा घेतला. गेल्या आठवड्यात उघडीप मिळाली. गवत आधी इंचाभराने छोटे करून कापलेले सगळे उचलले, फोर्कने भोके पाडली, आणि १० फूट बाय ५ फुटांच्या चौकोनाला एक घमेले असे पसरले. दाताळे उलटे धरून फिरवले, पण मेक्सिकनच्या दाट गाद्यांवर कंपोस्ट तसेच बसून राहिले. शेवटी खराट्याने, अंगण झाडतो तसे, दोन्ही दिशांनी झाडले तेव्हा ते खाली उतरले. संध्याकाळी झारीने हलके पाणी दिले. आता गवताची टोके वर दिसतात आणि मधली माती काळीभोर दिसते. गवत कापायचे मशिन पुन्हा केव्हा चालवावे?

काळीमाती

खराट्याची युक्ती उत्तम, मीही मेक्सिकनवर तोच वापरतो. पाती कंपोस्टच्या वर दीड-दोन इंच येईपर्यंत मशिन लावू नका, म्हणजे साधारण दहा-बारा दिवस. आधी लावले तर खड्यांनी मशिनच्या पात्याची धार जाते. त्यानंतर पहिल्या दोन कापण्यांचे गवत तिथेच पडू दिले तरी चालेल.

त्रिमूर्तीनगरचे अंगण

पोळा होऊन आठवडा झाला, म्हणून नोंद करून ठेवतो. ज्या ४०० फुटांत कंपोस्ट दिले तिथे परवाच्या मोठ्या पावसानंतर पाणी पाऊण तासात जिरले, उरलेल्या भागात अजून दोन तास लागतात. हे कंपोस्टमुळे की फोर्कच्या भोकांमुळे, ते मला सांगता येणार नाही; माझी समजूत अशी की या वर्षीचे श्रेय भोकांचे असावे. रंगात फारसा फरक नाही, आणि काळीमाती यांनी ते आधीच सांगितले होते. खिडकीखालच्या पट्ट्यात पावसाळाभर काहीही टाकले नाही. तिथे कडेने गवताचे धावते फुटवे आत येऊ लागले आहेत, मध्ये अजून दोन फूट जागा उघडी आहे. लव्हाळा भेगांच्या रेषेत सहा ठिकाणी उगवला, म्हणजे चाळणीतून काही गाठी सुटल्याच. त्या आज खुरप्याने खोलवरून काढून गच्चीवर टाकल्या. उरलेल्या निम्म्या हिरवळीसाठी ड्रममध्ये माल तयार होतो आहे. मेथी पेरली आहे, शुक्रवारी मोजेन.